भाजलेल्या दाण्यांना कोंब फुटेपर्यंत

दहावा महिना, सातवा दिवस
कोसावा गाव

सरकार,

पत्र लिहायचं नाही अशी आपली आज्ञा होती. ती आज मोडते आहे. औषधं विकणारा मोसुके उत्तरेला निघालाय, त्याच्या पेटीच्या झाकणात हे घडी करून घालते. त्याला वाचता येत नाही आणि नसत्या चौकशा करायची खोडही नाही. वाचून झालं की चुलीत घाला.

मी नुई. इसोबे गेन्पाचीची विधवा. विधवा हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, सरकार. गावात मला तो वापरायची सोय नाही. गावासाठी मी पळपुट्याची टाकलेली बायको आहे.

आपल्याला आठवत असेलच. हागिनोचा किल्ला पडला त्या दुपारी आपण मागच्या ओढ्याने निघून गेलात आणि ह्यांनी आपलं चिलखत चढवलं. वेशीच्या माडीवर उभं राहून, "मी ताचिगी उकोन, या किल्ल्याचा धनी," असं ओरडून स्वतःचं पोट फाडलं. वेढा घालून बसलेल्या मोरिवाकींना आपलं म्हणून एक मुंडकं मिळालं, ते खूश झाले आणि त्यांनी पाठलाग थांबवला. हे आपल्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तिसऱ्या कुणालाही नाही.

माडीवर चढण्याआधी ह्यांनी मला शपथ घातली. सरकार स्वतः सांगेपर्यंत कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. मी म्हटलं, "आईंपाशीसुद्धा नाही?"

"तिच्यापाशी तर मुळीच नाही. तिच्या पोटात काही राहतं का? दुसऱ्या दिवशी ढोल बडवत गावभर सांगेल," असं म्हणून हसले. हसले की पुढच्या दाताचा तुटका कोपरा दिसायचा. तो दात लग्नाच्या वर्षी मला मर्दुमकी दाखवायला म्हणून कच्चं चेस्टनट कवचासकट फोडताना तुटलेला. तेच शेवटचं हसू.

आता कामाचं लिहिते. सासूबाईंनी अंथरूण धरलंय. खोकला आहे, पाय सुजलेत, आणि पुढची भातलावणी त्या बघतील असं मला वाटत नाही. त्यांचं बोलणं मात्र अजून धारदार आहे. काल पेज भरवताना म्हणाल्या, "नुई, तुझी पेज पातळ आणि माझा पोरगा पातळ. मी दोन्ही गिळते आहे, दुसरं करते काय."

त्यांना वाटतं की त्यांचा मुलगा पळाला. मोरिवाकींनी मुंडकी मोजली, मेलेल्यांची नावं देवळासमोर वाचून दाखवली, त्यात ह्यांचं नाव नव्हतं. मग कुठे गेला? पळाला. हिशेब सरळ आहे. घरच्या देव्हाऱ्यात ह्यांच्या नावाची पाटी नाही, कारण हे मेलेच नाहीत. वर्षश्राद्ध नाही. दिव्यांच्या सणाला सगळ्यांच्या दारात पितरांसाठी दिवा लागतो, आमच्या दारात लागत नाही. सासूबाई लावू देत नाहीत.

माझं एवढंच मागणं आहे. मला शपथेतून सोडवा. साऱ्या जगासमोर नको, फक्त एका म्हातारीपुरतं. तिच्या कानात एकदा सांगू द्या. ती कुणाला सांगायला आता उठूही शकत नाही. मोसुकेजवळ फक्त "हो" एवढं सांगून पाठवलंत तरी पुरे.

नुई


बारावा महिना, विसावा दिवस

सरकार,

मोसुके परत आला. पत्र आपल्या हाती दिल्याचं म्हणतो. उत्तर काही नाही. बर्फ पडल्यामुळे घाई झाली असेल, असं मी मनाला समजावते. तो पुन्हा निघालाय म्हणून हे दुसरं.

आपण तिकडे समुद्राकाठी मठात आहात, इकडचं काही कानावर येत नसेल. आपल्यावर कथा झालीय. वीणा वाजवत गावोगाव हिंडणारे ते आंधळे बुवा असतात ना, त्यातले एक परवा पाटलांच्या घरी उतरले होते. सासूबाईंनी हट्ट धरला, मला कथेला ने. त्यांना पाठुंगळी घेऊन गेले. त्यांना ती जुनी कथा ऐकायची होती, अंगभर बाण लागले तरी मालकासाठी पुलावर उभ्याउभ्या मेलेल्या भिक्षूची. ह्यांना अंगावर पाजताना त्या तीच सांगायच्या म्हणे. "असा मरशील तर माझा, नाहीतर शेजारणीचा," असं तान्ह्या पोराला सांगणारी बाई आहे ती.

बुवा म्हणाले, "आजी, ती शिळी झाली. आता लोकांना हागिनोची लागते."

आणि त्यांनी हागिनोची लावली. आपण वेशीवर कसे उभे राहिलात, सूर्य चिलखतावर कसा चमकला, शत्रूच्या घोड्यांनी कशी मान खाली घातली. लोक मुसमुसत होते. मग रडून झालेल्या लोकांना हसवायला म्हणून गेन्पाची आला. किल्ल्यातला पहिल्या नंबरचा योद्धा, सरकारांचा उजवा हात, शत्रूचं निशाण दिसताच डोक्यावर बायकी वस्त्र ओढून मागच्या ओढ्याने सटकणारा. बुवांनी बायकी आवाज काढून दाखवला, "अगं बाई, माझी चप्पल!" सगळं घर हसून लोळलं.

एका लाकूडतोड्याने त्या दुपारी ओढ्यातून बायकी वस्त्र घेतलेला पुरुष जाताना पाहिला होता. तिथून हे सुरू झालं. ते वस्त्र डोक्यावर घेऊन कोण गेलं ते आपल्याला मी सांगायला नको. ते माझं होतं. जांभळं, बाहीवर वेताची नक्षी. आईने दिलेलं.

मी सासूबाईंकडे बघायचं धाडस केलं नाही. कथा संपल्यावर बुवांचा वाडगा फिरला. घरून आणलेली मूठभर वरी सासूबाईंनी त्यात टाकली आणि ठणकावून म्हणाल्या, "खरं तेच सांगितलंस रे बाबा. त्याची आई आहे मी." परत येताना त्या माझ्या पाठीवर होत्या आणि माझ्या मानेवर काहीतरी ओलं लागत होतं.

आता गावातली पोरं त्याचा खेळ खेळतात. ज्याच्यावर राज्य येतं तो गेन्पाची. त्याने डोक्यावर फडकं घेऊन पळायचं, बाकीच्यांनी शेण मारायचं. कुणी काम अर्धवट टाकून गेला की बायका म्हणतात, "गेन्पाची झाला."

सरकार, मला आपल्या जिवाची काळजी नाही असं नाही. पण लवकर करा. त्यांच्या खोकल्यात आता रक्त येतं.

नुई


पहिला महिना, अठरावा दिवस

सरकार,

मोसुके आला. मी त्याला नव्या वर्षाची तांदळाची मोची भाजून दिली आणि विचारलं, "काही दिलंय?"

"दिलं नाही, सांगितलंय." त्याने डोळे मिटले आणि पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. "गेन्पाचीची चाकरी अजून संपलेली नाही."

"पुढे?"

"पुढे काही नाही. मग त्यांनी मला चहा दिला. छान होता."

आपली आज्ञा शिरसावंद्य. पण चाकरी म्हणाल तर थोडी माझीही झाली आहे, ती आज ऐकून घ्या. आपण त्या वेळी डोंगरापलीकडे होता, आपल्याला कुणी सांगितलं नसेल.

किल्ल्यातल्या बायकांमध्ये मुंडकी सजवायचं काम माझ्याकडे असायचं हे आपण जाणताच. आपल्या शिपायांनी आणलेली मुंडकी धुवायची, केस विंचरून बांधायची, दातांना दातवण लावून काळे करायचे. काळे दात म्हणजे घरंदाज माणूस, मोठं डोकं, मोठं बक्षीस. शिपाई लाडीगोडी लावायचे, "नुईताई, माझ्यावाल्याला जरा दोन हात जास्त द्या की." हसायचो आम्ही. कोहळे रांगेत ठेवावेत तशी ती ठेवायचो आणि शेजारी झोपायचोही.

किल्ला पडल्यावर मोरिवाकींनी आम्हा बायकांना एका कोठीत बसवलं आणि वेशीवरचं ते मुंडकं माझ्या पुढ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या धन्याच्या पाहणीला जायचं होतं. म्हणाले, "तुमच्या सरकारांचं आहे. नीट कर. काही कमी-जास्त झालं तर तुझं शेजारी ठेवू."

दुसऱ्या कुणाच्या हाती ते गेलं असतं तर संपलं होतं. आपले दात काळे, ह्यांचे पांढरे. आपल्या भुवया काढून वर कपाळावर रंगवलेल्या, ह्यांच्या रानासारख्या दाट. आपण सावलीतले, हे उन्हातले. वर तो तुटका दात.

मी पाणी गरम करून घेतलं. तोंड धुतलं. भुवया काढल्या, तांदळाची पावडर लावली, वर दोन बोटं उमटवली. दाताच्या तुटक्या कोपऱ्यावर मेण बसवलं. शिरक्यात मुरवलेल्या लोखंडाचं पाणी फार घाण वास मारतं. जिवंतपणी हे त्या वासाने नाक मुरडायचे, "शी, लांब हो," म्हणायचे. मेलेल्या दातावर दातवण सहजी चढत नाही. दात कोरडे करायचे, एक हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा द्यायचा. मागची दाढ किडलेली होती. रात्ररात्र कण्हायचे तिच्यापायी. तिलाही लावलं, तोंड कुणी उघडून पाहिलं तर असावं म्हणून.

पाहणीच्या वेळी हिरागा नावाच्या म्हाताऱ्या अंमलदाराने मला विचारलं, "हे ताचिगी उकोनच ना? नीट बघून सांग."

मी नीट बघितलं आणि हो म्हटलं. मग रडले. मोलकरणीने मालकासाठी जेवढं रडायचं तेवढंच. जास्त रडले असते तर त्यांनी विचारलं असतं, ही कोण लागते याची?

एवढं करूनही चाकरी संपली नाही म्हणता, तर नसेल संपली. मी आणखी थांबते. म्हातारी थांबेल की नाही ते मला माहीत नाही.

नुई


तिसरा महिना, तिसरा दिवस

सरकार,

आपण आता देव झालात, अभिनंदन. थट्टा नाही करत. नदीपलीकडच्या टेकडीवर मोरिवाकींनी ते मुंडकं पुरून वर दगड उभा केला, त्यावर आपलं नाव आहे. ती समाधी आता दातदुखीला पावते. मुंडकं नदीकाठी मांडलं होतं तेव्हा दात कसे जांभळासारखे चकचकीत होते हे लोकांनी पाहिलं होतं. एका कुंभाराने तिथे डोकं टेकलं आणि त्याची ठणकणारी दाढ थांबली. झालं. आता चारी गावांतून सुजलेले गाल येतात. भाजलेले सोयाचे दाणे आणायचे, दगडापाशी पुरायचे आणि म्हणायचं, "या दाण्यांना कोंब फुटेपर्यंत माझा दात दुखू नये." भाजलेल्या दाण्याला कोंब फुटतोय होय? म्हणजे कधीच दुखू नये. ही आपल्याकडची जुनीच तोड आहे. ह्यांच्या लहानपणी सासूबाईंनी ह्यांच्या दाढेसाठी असेच दाणे परसात पुरले होते.

परवा सासूबाई म्हणाल्या, "मला समाधीवर घेऊन चल."

"तिथे दातवाले जातात," मी म्हटलं. "तुमच्या तोंडात एक तरी दात आहे का?"

"दात नसला तर नसला. मला त्यांच्याशी बोलायचंय."

पाठुंगळी घेतलं. आता त्यांचं वजन काहीच राहिलेलं नाही, भाताच्या पेंढीइतकं. वर पोचलो तर आठदहा बायामाणसं गाल धरून बसलेली. ओमात्सु तेलीण होती, गालाला फडकं बांधलेलं. तशा तोंडानेही तिला बोलायचं होतंच. "आली, पळपुट्याची आई आली! आजी, तोंड बघितलंत का आरशात? तुम्हाला इथे काय काम? दात तर नाही."

"जीभ आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "आणि ती तुझ्यासारखी भाड्याने देत नाही मी. सरक बाजूला."

मी त्यांना दगडासमोर उतरवलं. त्यांनी केस नीट केले, गुडघे मुडपून बसल्या आणि कपाळ पार चिखलात टेकवलं. मला वाटलं होतं शिव्या देतील, रडतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सरकार, मी गेन्पाचीची आई. माझ्या पोराने तुमच्या शेवटच्या वेळी कच खाल्ली. तुम्ही एकटे पडलात. दूध माझं होतं, म्हणजे दोष माझा आहे. तो भेटला असता तर त्याचे कान धरून इथे आणला असता. आता मीच आले. पदरात घ्या."

सरकार, त्या स्वतःच्या पोराच्या डोक्यावर डोकं टेकवून बसल्या होत्या. मधे हातभर माती. आणि त्या त्याच्यासाठी तुमची क्षमा मागत होत्या.

मी तोंडात बाही कोंबली. ओमात्सुला वाटलं माझा दात दुखतोय. तिने मला तिच्यातले चार दाणे दिले, म्हणाली, "घे गं, पूर. गुण येतो." वाईट नाही ती. मी ते दाणे पुरले. काय मागितलं ते मला आठवत नाही.

मी हात जोडते, पाया पडते. अजून वेळ गेलेली नाही. एक "हो" पाठवा.

नुई


चौथा महिना, सव्विसावा दिवस

सरकार,

उत्तर आलं नाही. मी शपथ मोडली. काय शिक्षा द्यायची ती द्या.

सकाळ होती. बाहेर लोक रोपं घेऊन शेताकडे चालले होते, गाणी चालली होती. सासूबाईंचे हात गार पडायला लागले होते. भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेला होता. आता नाही तर कधीच नाही, असं मनाने घेतलं. मी दार लावलं, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "सासूबाई, ऐका. ते पळाले नाहीत."

त्यांनी डोळे उघडले.

मी सगळं सांगितलं. चिलखत, माडी, शपथ, ओढ्याने कोण गेलं, वस्त्र कुणाचं. दोन वर्षं घशात अडकलेलं सगळं बाहेर पडलं. रडत होते, बोलत होते, त्यांचे हात चोळत होते. "त्या समाधीत तुमचा मुलगा आहे, आई. उभा राहून मेला. तुम्ही सांगायचात तस्सा."

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चेहरा निवळला. मग बोळक्या तोंडाने हसल्या.

"किती गोड खोटं बोलतेस गं," म्हणाल्या.

"खोटं नाही! शपथ घेऊन सांगते."

"अगं वेडे, नदीकाठी ते मुंडकं मांडलं होतं ना, तेव्हा मी गेले होते. तुला बोलले नाही. पार खाली जाऊन, मान वर करून पुष्कळ वेळ बघितलं. सरकारच होते. काय तेज, काय दात! माझ्या पोराला मी ओळखणार नाही होय? नऊ महिने पोटात वागवलाय."

"मी रंगवलं होतं, आई. भुवया मी काढल्या, दात मी काळे केले. तुटक्या दाताला मेण—"

"गप." त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. "सासू सुखाने मरावी म्हणून शपथेवर खोटं बोलतेस. गुणाची आहेस. असली बायको टाकून तो पळाला, याचंच मला वाईट वाटतं."

मी पुन्हा सांगायला लागले, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. शेतातली माणसं न्याहारीला बसायच्या आत त्या गेल्या.

माझ्या हाताला यश आहे असं किल्ल्यात सगळे म्हणायचे. खरंच होतं. जन्मदात्या आईलासुद्धा ओळखू आलं नाही. दिवसभर ते हात मांडीवर ठेवून बसले होते. शेजारणींनी येऊन म्हातारीला आंघोळ घातली, मला काही करवलं नाही.

नुई


नववा महिना, अकरावा दिवस

सरकार,

तुमचं पत्र मिळालं. हस्ताक्षर सुंदर आहे. वर्षभरात एक तोंडी निरोप, आणि आता हातभर लांब कागद. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मोरिवाकींवरची वरची मर्जी फिरली, त्यांचा मुलूख काढून घेतला, हे इथेही कळलंय. तुम्ही राजधानीत अर्ज केलात की मी ताचिगी उकोन, जिवंत आहे, माझं मला परत द्या. आणि तिथले अधिकारी म्हणतात की उकोनचं मुंडकं पाहणी होऊन नोंदलेलं आहे, पुरावा आणा. म्हणून तुम्हाला नुई आठवली. समाधी उकरतील, तेव्हा मी तुटका दात दाखवायचा आणि हे गेन्पाचीचं आहे असं सांगायचं. मग गेन्पाचीच्या नावाने देऊळ बांधीन, कथा नवी करवून घेईन, त्याचं नाव देशभर होईल, असं तुम्ही लिहिता. आणि शेवटी लिहिता की गेन्पाचीची चाकरी आता सफळ झाली.

तुमच्या पत्रापाठोपाठ अधिकारी आलेच. तिघे होते, बरोबर कुदळी. टेकडीवर सारं गाव जमलं. समाधी उकरणार म्हटल्यावर ओमात्सु तर दगडाला मिठी मारून बसली. त्यांतला मोठा अधिकारी मला म्हणाला, "बाई, हे मुंडकं तू सजवलंस?"

"हो."

"कुणाचं होतं?"

सरकार, मी वर्षभर याच प्रश्नाची वाट पाहिली होती. उत्तर जिभेवर होतं. इसोबे गेन्पाचीचं. माझ्या नवऱ्याचं. तो पळाला नाही. साऱ्या गावासमोर, ओमात्सुसमोर, शेण मारणाऱ्या पोरांसमोर.

पण त्या दगडापाशी, कुदळ पडणार होती तिथेच, चौथ्या महिन्यात मी चिमूटभर राख पुरली आहे. लोकांना वाटलं दाणे पुरते आहे. म्हातारीला जिवंतपणी पोरगा मिळाला नाही, निदान मेल्यावर तरी शेजारी झोपावं. आता ते उकरणार, डोकं वर काढणार, पुन्हा पाणी तापवून मी धुवायचं, पुन्हा कुणा साहेबापुढे पाटावर मांडायचं. तेही तुमच्यासाठी. आणि ह्यांच्या नावाचं म्हणाल, तर ते नाव जिने ठेवलं होतं ती गेली. तिला तुमचं एक "हो" पुरे होतं. उरलेल्या देशाला घेऊन मी काय करू?

मी म्हटलं, "आमच्या सरकारांचं होतं."

"खात्रीने? उत्तरेला एक जण म्हणतो तोच उकोन आहे."

"माझ्या हातचं काम आहे. आमचे सरकार त्या वेशीवर उभे राहून मेले. ओढ्याने पळून जाणारे नव्हते ते. वाटल्यास गावाला विचारा, त्यांच्या दातांना गुण येतो."

गावाने एका सुरात हो म्हटलं. कुदळी परत गाडीत गेल्या. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, तो उत्तरेकडचा माणूस तोतया आहे. जाताना त्याने चार दाणे मागून घेतले, त्याचीही दाढ दुखत होती.

मी घरी येऊन खूप रडले. या वेळी किती रडायचं ते मोजलं नाही. ह्यांना काय वाटेल कोण जाणे. रागावतील बहुतेक. पण मी विचार करते तर चाकरी त्यांचीच पुरी केली. त्यांनी मरताना सांगितलं ते एवढंच होतं की ताचिगी उकोन मेला. मी तेच सांगितलं.

तोतयाला काय शिक्षा असते ते तुम्हाला ठाऊक आहे. मोसुके पायाने जलद आहे, हे पत्र त्यांच्या माणसांच्या आधी पोचेल. निघून जा. ओढा शोधा एखादा. वस्त्र मात्र या वेळी दुसऱ्या कुणाचं घ्या, आणि माडीवर चढायलाही आता कुणी नाही.

बरोबर मूठभर सोयाचे दाणे पाठवते आहे. मीच भाजलेत, चांगले खरपूस. मठाच्या परसात पेरा, रोज पाणी घाला. कोंब फुटला की कळवा. मी येईन आणि तुम्हाला ओळखेन.

पळपुट्याची बायको,
नुई